नळीखालच्या खुणा

बेल्जियम म्हटले की मराठी घराला आरसा आठवतो, झुंबर आठवते. वाड्याच्या दिवाणखान्यातला आरसा बेल्जियमचा आहे हे सांगताना घरातल्यांचा आवाज अजूनही थोडा चढतो. त्याच दिवाणखान्यात, बाजूच्या भिंतीवर, कधी कधी एक दुनळी बंदूक टांगलेली असे. तिची ओळख मात्र 'विलायती' एवढीच राहिली, आणि विलायती म्हणजे इंग्लंडची असे सगळे धरून चालले. नळ्या उतरवून त्यांच्या पोटाखाली पाहिले असते, तर एका लंबगोलात ई, एल, जी अशी तीन रोमन अक्षरे आणि खाली एक बारीक चांदणी दिसली असती. ती खूण लिएजची. बेल्जियमच्या पूर्वेला, म्यूझ नदीकाठी वसलेल्या या शहराने एकोणिसाव्या शतकात जगाला जेवढ्या बंदुका पुरवल्या तेवढ्या फार थोड्या शहरांनी पुरवल्या असतील. शतक संपत आले तेव्हा तिथल्या परीक्षागृहातून वर्षाला दहा लाखांहून अधिक हत्यारे तपासून बाहेर पडत होती.

हे पुस्तक त्या शहराच्या मागून भरायच्या बंदुकांविषयी आणि त्या घडवणाऱ्या हातांविषयी आहे. काळ साधारण १८३० ते १९१४. शिवकालीन शस्त्रांवर मराठीत प्रेमाने लिहिले गेले आहे. तलवार, दांडपट्टा, वाघनख यांच्याविषयी आपल्याला भरभरून बोलता येते. बंदुकीशी आलो की आपण तोड्याच्या बंदुकीपाशी थांबतो. त्यानंतरची शंभर वर्षे, ज्यांत बंदूक खऱ्या अर्थाने यंत्र झाली, ती आपल्या वाचनात जवळजवळ नाहीत. ही पोकळी भरायची तर सुरुवात लिएजपासून करावी, असे मला वाटते. का ते पुढे सांगतो.

आधी मुळातली गोष्ट. ठासणीची बंदूक कोकणात अजून पाहायला मिळते. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग गोळी किंवा छर्रे, आणि गजाने ठासायचे. शेवटी बुडाशी टोपी चढवायची. एवढे होईपर्यंत रानडुक्कर शेताच्या बांधापलीकडे गेलेले असते. लढाईत याचा अर्थ आणखी कठीण. ठासणारा शिपाई उभा राहूनच ठासू शकतो, आणि कसलेला शिपाईसुद्धा मिनिटाला दोन-तीन बार काढतो. बंदूक मागून भरता आली तर माणूस आडवा पडून, झाडाआडून, घोड्यावरूनही भरू शकेल, हे न कळण्याइतके जुने लोक भोळे नव्हते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांवरच्या छोट्या फिरत्या तोफा मागूनच भरल्या जात. दारू भरलेले वेगळे भांडे बुडात बसवायचे, पाचर ठोकायची आणि बत्ती द्यायची. कल्पना होती, धाडस होते, लोहारही होते. अडचण एकच होती: बार उडाला की सांध्यातून आग आणि धूर मागे येई. गोळीचा जोर कमी होई आणि गोलंदाजाचा चेहरा भाजे. तीनशे वर्षे हीच अडचण या हत्याराची वाट अडवून बसली होती.

ती सुटली पितळेने. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या पॉली नावाच्या स्विस कारागिराने १८१२ मध्ये स्वतःची आग स्वतःबरोबर नेणारे काडतूस दाखवले. १८३५ मध्ये लेफोशे या फ्रेंच कारागिराने नळी बिजागरीवर खाली झुकवणारी बंदूक आणि बाजूने खिळा बाहेर आलेले काडतूस पुढे आणले. घोडा त्या खिळ्यावर पडायचा, खिळा आतल्या टोपीवर, आणि बार उडायचा. १८४६ मध्ये हूये या दुसऱ्या फ्रेंच कारागिराने त्या काडतुसाला धातूचे कवच दिले, आणि खरे काम तिथे झाले. बार उडताच आतल्या दाबाने पितळेचे पातळ कवच फुगते आणि नळीच्या भिंतीला चिकटून बसते, त्यामुळे आग मागे येण्याचा रस्ता बंद होतो. दाब ओसरला की तेच कवच किंचित आखडते आणि रिकामे काडतूस बोटाने ओढता येते. लोहाराने तीनशे वर्षे पोलादात जो सांधा शोधला, तो एका वाटीसारख्या पितळी कवचाने, दर बाराला नव्याने, करून दाखवला. प्रेसशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला ही वाटी कशी होते हे वेगळे सांगायला नको. पितळेच्या पत्र्यातून चकती कापायची, पंचाने तिचा कप करायचा, मग एकामागून एक ड्रॉ, मधे मधे अनीलिंग, कारण ताणलेले पितळ कडक होते आणि फाटते. आपल्या पिंपरीपासून जवळच, खडकीला, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि पुढे याच पितळेच्या वाट्यांवर त्याचे नाव झाले. ब्रिटिश काळातल्या काडतुसांच्या बुडावर केएफ ही खूण दिसली की ते खडकीचे समजावे.

आता लिएज. शहर आजूबाजूच्या टेकड्यांतला कोळसा, जवळचे लोखंड आणि म्यूझ, उर्त, वेस्द्र या नद्यांच्या पाण्यावर उभे राहिले. त्यात भर पडली राजकारणाची. फ्रेंच क्रांतीने मोडून काढीपर्यंत हे बिशपचे छोटे स्वतंत्र राज्य होते आणि आसपासच्या लढायांत ते शक्यतो तटस्थ राही. तटस्थ माणसाला दोन्ही बाजूंना माल विकता येतो. याँ क्युर्तियस या व्यापाऱ्याने स्पेनच्या फौजांना दारू पुरवून एवढी संपत्ती केली, की नदीकाठचा त्याचा लाल विटांचा वाडा आज शहराचे मोठे संग्रहालय आहे. लिएजचा शस्त्रसंग्रहही आज त्याच संकुलात आहे. पिएर-जोझेफ लेमिय या बंदूक कारखानदाराच्या संग्रहातून १८८५ मध्ये तो सुरू झाला.

पण संपत्तीपेक्षा मोठी गोष्ट १६७२ मध्ये झाली. नळ्या फुटतात, माणसे मरतात, शहराचे नाव जाते. म्हणून बिशपने फर्मान काढले, की नळी विकण्याआधी जादा दारूने बार काढून तपासायची आणि तपासलेल्या नळीवर शहराची खूण मारायची. १८१० मध्ये नेपोलियनच्या हुकमाने ही तपासणी नव्याने सक्तीची झाली आणि लंबगोलातली ई-एल-जी अक्षरे आली. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाले, राजे बदलले, सरकारे बदलली, पण परीक्षागृह चालूच राहिले. पुढे १९१४ मध्ये वेगवेगळ्या देशांनी एकमेकांच्या तपासणीला मान्यता द्यावी म्हणून आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला, तोही लिएजच्या पुढाकारानेच. गुणवत्तेवर विश्वास ठेवायचा तर तो कारखानदाराच्या शब्दावर न ठेवता बाहेरच्या तपासनिसाच्या ठोक्यावर ठेवायचा, हा विचार लिएजने फार लवकर पक्का केला. इन्स्पेक्शनचा शिक्का नसलेला माल गेटबाहेर जात नाही, ही शिस्त ज्यांनी नोकरीत पाळली त्यांना या शहराबद्दल आपुलकी वाटेल.

या पुस्तकाची मुख्य गोष्ट मात्र वेगळी आहे. बंदुकीवर कोरलेले नाव आणि बंदूक घडवणारा माणूस हे लिएजमध्ये बहुतेक वेळा एक नसत. शहरात ज्यांना कारखानदार म्हणत, त्यांच्यातल्या पुष्कळांकडे मोठा कारखाना नव्हता. त्यांच्याकडे ऑर्डर होती, भांडवल होते, नमुना होता, आणि शेवटी जुळवाजुळव व तपासणी करण्याची जागा होती. नळी वेस्द्रच्या खोऱ्यातून यायची. खटक्याचे भाग दुसऱ्या गावातले. बिजागरीचा जोड कानशीने बसवणारा तिसरा, अक्रोडाचा दस्ता घडवणारा चौथा, नक्षीकार पाचवा. प्रत्येक जण आपल्या घरात किंवा घरालगतच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात काम करी. अर्धवट माल एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर जाई. पाठीवर टोपली बांधून ओझी वाहणाऱ्या बायका लिएजच्या जुन्या चित्रांत आजही दिसतात.

आमच्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात ज्यांची हयात गेली, त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी भोसरीच्या शेडमध्ये जॉबवर्क पाहिले आहे. फोर्जिंग एकाकडचे, टर्निंग दुसऱ्याकडे, हीट ट्रीटमेंटला माल तिसरीकडे, ग्राइंडिंग चौथ्याकडे, प्रत्येक वेळी चलन आणि टेम्पो, आणि शेवटी पार्टवर नाव उठते ते मोठ्या कंपनीचे. लिएजचे खोरे म्हणजे असाच शेकडो शेडचा पसारा, फक्त विजेच्या आधीचा. म्हणून तिथल्या बंदुकीकडे पाहताना संग्रहकाचा पहिला प्रश्न, कोणी बनवली, हा अपुरा पडतो. कोणी कोणी बनवली, असे विचारावे लागते. या पुस्तकाचा सगळा रोख या प्रश्नावर आहे.

एका नळीचे काम जरा जवळून पाहू. वेस्द्रकाठी नेसोंव्हो, फ्रेपों, त्रो या गावांत नळ्या होत, आणि त्यांतल्या दमास्क नळ्यांनी लिएजचे नाव जगभर नेले. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींवर रचून, तापवून, ठोकून एकजीव करायच्या. त्यांची चौकोनी सळई ओढायची. सळई लाल असताना एक टोक धरून दुसरे पिळायचे, पिळे जितके जवळ तितकी नक्षी बारीक. अशा दोन, तीन, कधी त्याहून जास्त पिळलेल्या सळया शेजारी शेजारी ठेवून त्यांची एक पट्टी करायची. ती पट्टी गजाभोवती मळसूत्रासारखी गुंडाळायची आणि वेढ्यांचे काठ हातोड्याने एकमेकांत वेल्ड करत जायचे. वेल्ड एके ठिकाणी जरी थंड राहिले, तरी जादा दारूची तपासणी ते उघडे पाडायची. मग आत बोअरिंग, बाहेर घासणी, आणि अखेर आम्लाचा हात. आम्ल लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने खाते, म्हणून राखाडीवर तपकिरी वेलबुट्टी उमटते. ही नक्षी वर काढलेली नसते, धातूच्या पोटातली असते. नेसोंव्होचा ह्यूज-लमोआन हा या कामातला नावाजलेला माणूस. आपल्याकडच्या जुन्या लोहारांनीही गुंडाळलेल्या नळ्या केल्या आहेत, त्या पाहिलेल्या वाचकाला हे काम ओळखीचे वाटेल. स्वस्त बंदुकांवर साध्या नळीवर नुसती नक्षी उमटवून फसवणूकही झाली, ती कशी ओळखावी याचीही चर्चा पुस्तकात आहे. पण खऱ्या दमास्क नळीची सर कशाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे एकसंध पोलादाची नळी स्वस्त आणि मजबूत निघाली. पहिल्या महायुद्धानंतर ही कला जवळजवळ संपली, आणि कुठल्याही पुस्तकाने ती पुन्हा उभी राहणार नाही.

या सगळ्या क्षेत्राचे ढोबळ प्रवाह सांगायचे तर सुरुवात शिकारीच्या बंदुकीपासून करावी लागते. लेफोशेची खिळ्याची बंदूक फ्रान्सची, पण ती स्वस्तात आणि प्रचंड संख्येने करून विकली लिएजने. नळी झुकवायची की पुढे सरकवायची, कळ खाली ठेवायची की बाजूला, यावर तिथे शेकडो पेटंट निघाली. मधल्या टोपीचे काडतूस आल्यावर खिळा गेला, मग बाहेरचे घोडेही गेले आणि चपटी, नीटस दुनळी उरली, तीच आपल्या वाड्यांत पोचली. ओग्युस्त फ्रांकोतच्या घराण्याच्या बंदुका या प्रवाहातला वरचा दर्जा. आंरी पीपर हा मूळचा जर्मन माणूस लिएजला स्थायिक झाला आणि त्याने दोन्ही नळ्या एकाच पोलादी ठोकळ्यात बसवण्याची पद्धत आणली. कानशीचे काम मशीनवर नेण्याकडे त्याचा कल होता. फ्रांकोत आणि पीपर यांच्या बंदुका शेजारी ठेवल्या, तर हातकाम आणि यंत्रकाम यांच्यातला तो सबंध वाद धातूत दिसतो. मी मनाने फ्रांकोतच्या बाजूचा आहे, पण पीपरचे गणित बरोबर होते हे मान्य करावे लागते.

दुसरा प्रवाह लष्करी. ३ जुलै १८६६ रोजी सादोव्याच्या लढाईत प्रशियाच्या मागून भरायच्या सुईच्या बंदुकांपुढे ऑस्ट्रियाचे ठासणीवाले शिपाई कोलमडले आणि युरोपातली प्रत्येक फौज घाबरी झाली. कोठारांत लाखो ठासणीच्या रायफली पडून होत्या, त्या टाकायच्या कशा? बेल्जियमने १८६७ मध्ये आल्बिनी-ब्रँडलिन पद्धत घेतली. जुन्या नळीचे बूड कापून त्यावर वर उघडणारा ठोकळा बसवायचा आणि घोडा पडताना त्याच्याच जोराने एक खिळा आत सरकून तो ठोकळा कुलूपबंद करायचा. आल्बिनी हा इटलीच्या नौदलातला अधिकारी, ब्रँडलिन बर्मिंगहॅमचा, काम लिएजचे. जुन्यातून नवे करणाऱ्या अभियंत्यांचे हे काम मला अतिशय आवडते. त्यापाठोपाठ तेरसेनची रायफल आली, आणि मग ह्युबेर-जोझेफ कोंब्लें या लिएजकर कारागिराची. कोंब्लेंने ठोकळा सरळ खाली उतरवला. चापाभोवतीची कडी खाली ओढली की ठोकळा खाली जातो, काडतूस घातले, कडी वर, काम संपले. ही बंदूक बेल्जियमच्या नागरी रक्षक दलाने घेतली, ब्राझीलने घेतली, चिलीने पॅसिफिकच्या युद्धात वापरली. भाग थोडे, चाल सुटसुटीत, आणि सगळे उघडून पुसता येते. कुठल्याही टूलरूमच्या माणसाला ही रचना पाहून समाधान वाटावे.

नागां बंधूंबद्दल, एमिल आणि लेओंबद्दल, सविस्तर लिहिण्याचा मोह आवरावा लागतो. रशियाच्या १८९१ च्या रायफलीला त्यांचे नाव जोडले गेले. १८९५ चे सात गोळ्यांचे रशियन रिव्हॉल्व्हर त्यांचेच. त्यात चाप ओढताच गोळ्यांचा फिरता भोवरा पुढे सरकून नळीला चिकटतो, आणि काडतुसाचे लांबवलेले तोंड नळीत शिरून फट बुजवते. पितळी कवचाने मागची आग थांबवली होती, नागांनी पुढची फटही मिटवली.

नकलेबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे, कारण लिएजवरचा तो जुना आरोप आहे. कोल्टची, स्मिथ अँड वेसनची, इंग्लिश बुलडॉगची हुबेहूब रिव्हॉल्व्हरे तिथे झाली, काही परवान्याने, पुष्कळशी परवान्याविना. नामांकित इंग्लिश घराण्यांशी मिळतीजुळती नावे कोरून बंदुका अमेरिकेत विकल्या गेल्या. इंग्रज व्यापाऱ्यांनी याचा उपयोग करून 'बेल्जियन' म्हणजे हलका माल अशी समजूत पसरवली. पण क्रिमियाच्या युद्धात गरज पडली तेव्हा इंग्लंडने स्वतःच्या सैन्यासाठी रायफली लिएजकडूनच बनवून घेतल्या होत्या. खोऱ्यात उत्तम कामही होते आणि मोडकेही. गिऱ्हाईक जेवढे पैसे मोजेल तेवढी फिनिश मिळे. हलकी बंदूकही तपासणीच्या ठोक्याखालून जात होती, एवढे लक्षात ठेवले तरी हा आरोप बराच सौम्य होतो.

शेवटचा टप्पा कारखान्याचा. १८८९ मध्ये बेल्जियम सरकारला दीड लाख माउझर रायफली हव्या होत्या आणि घरगुती खोल्यांतून तेवढे एकसारखे काम निघणे शक्य नव्हते. फ्रांकोत, नागां, पीपर आणि इतर कारखानदार एकत्र आले आणि लिएजजवळ हेर्स्तालला फाब्रिक नास्योनाल, म्हणजे एफ. एन., उभी राहिली. आता भाग अदलाबदल होण्याजोगे, गेजवर तपासलेले, मशीनवरचे. याच सुमारास त्या भागातल्या बंदूकवाल्यांनी दुसरीकडेही हात घातला. एफ. एन.ने मोटारसायकली काढल्या, सारोलेआने काढल्या, नागांनी मोटारगाड्या केल्या. नळी बोअर करणारे हात सिलिंडर बोअर करू लागले. आकुर्डी आणि पिंपरीच्या माणसाला हा बदल समजायला अवघड जाणार नाही.

या कहाणीचा महाराष्ट्राशी संबंध केवळ दिवाणखान्यापुरता नाही. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हातात मुद्दाम एक पिढी मागचे हत्यार ठेवले गेले. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर मिळाली. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, युरोपियनांना सूट राहिली. त्यामुळे आपल्याकडे परदेशी बंदूक पोचली ती संस्थानिक, जहागीरदार, इनामदार, सरकारच्या मर्जीतले पाटील-देशमुख आणि शिकारीचे शौकीन यांच्याकडे. शेतकऱ्याच्या हातात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीचीच बंदूक राहिली. मागून भरायचे तंत्र आपल्याकडे सत्तेच्या वाटेने आले, गरजेच्या वाटेने नाही.

आणि एकदा ते तंत्र त्या सत्तेवरच उलटले. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या, त्याच वर्षी अमेरिकेतल्या जॉन ब्राउनिंगचा हेर्स्तालच्या एफ. एन.शी करार झाला. त्यातून खिशात मावणारे स्वयंचलित पिस्तूल जन्माला आले. १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी ट्रंकेच्या चोरकप्प्यातून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर जी वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली, त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला ठार केले. समोर रंगमंचावर 'शारदा' नाटक होते. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या काळी ब्राउनिंग नावाने युरोपात विकली जाणारी पिस्तुले हेर्स्तालची. १९१४ मध्ये साराएव्होत आर्चड्यूकवर गोळी झाडणारे पिस्तूलही तिथलेच. आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात या खोऱ्याचे नाव आडवाटेने येते, पण येते. पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्याने जी ७.६२ मिलिमीटरची रायफल खांद्यावर घेतली, ती इच्छापूरला बनली तरी तिचा मूळ नमुना हेर्स्तालच्या दियुदोने सेव्हचा, आणि तिच्यासारख्या शस्त्रांची काडतुसे आपल्या खडकी-वरणगावला होत राहिली.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजांनी लिएजचे किल्ले फोडले. चार वर्षांच्या ताब्यात घरगुती खोल्या ओस पडल्या, आणि युद्धानंतर जे उभे राहिले ते मुख्यतः कारखान्याचे होते. म्हणून हे पुस्तक तिथेच थांबते.

हे आज का लिहायचे? कारण आपल्याकडच्या या वस्तू झपाट्याने नाहीशा होत आहेत. आजोबांच्या नावाचा परवाना वारसांकडे नीट बदलला गेलेला नसतो. निवडणुकीची आचारसंहिता लागते, बंदूक पोलिस ठाण्यात जमा होते, आणि घरातले पुन्हा आणायला जात नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, त्यामुळेही काही घरांनी जुनी बंदूक सोडून दिली. कायदा कडक असावा, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. १९५९ च्या शस्त्रकायद्यात दुरुस्तीनेही चालू न होऊ शकणाऱ्या, जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूला संरक्षण दिले आहे. ही वाट लोकांना माहीत नसते. दुःख एवढेच वाटते, की वस्तू जाताना तिच्यावरची माहितीही जाते. पुण्याचे केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अशा ठिकाणी जे सुरक्षित आहे ते आपले भाग्य. पण गावोगावच्या वाड्यांतले जे आहे त्याची यादीही कुठे झालेली नाही.

म्हणून पुस्तकाचा मोठा भाग खुणा वाचण्यावर आहे. ई-एल-जीच्या लंबगोलावर मुकुट असेल तर बंदूक १८९३ नंतर तपासलेली. मुकुट नसेल तर त्याआधीची. तपासनिसाचे अक्षर मुकुटाखाली असेल तर १८७७ पर्यंतचे, चांदणीखाली असेल तर त्यानंतरचे. चौकटीतला आकडा आणि सी हे अक्षर काडतुसाचा बोअर सांगते. पीव्ही अक्षरांवर सिंह असेल तर नळी बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. तो सिंह नसलेल्या, विशेषतः दमास्क नळीत आधुनिक काडतूस घालणे म्हणजे डोळे आणि हात धोक्यात घालणे. याशिवाय लहान लहान अक्षरे असतात, नळीवाल्याची, जोड बसवणाऱ्याची, दस्तेवाल्याची. वरच्या बाजूला कोरलेल्या कंपनीच्या नावापेक्षा मला ही खालची अक्षरे जास्त महत्त्वाची वाटतात. त्यांच्यातूनच त्या खोऱ्यातल्या माणसांचा माग काढता येतो.

पुस्तकात काय करायचे नाही असे ठरवले, तेही सांगतो. यात कुठल्याही बंदुकीची किंमत दिलेली नाही, खरेदी-विक्रीचा सल्ला नाही, आणि बंद पडलेले शस्त्र चालू कसे करावे याविषयी एक ओळही नाही. प्रत्येक कारखानदाराचे संपूर्ण चरित्र देण्याचाही प्रयत्न नाही. पद्धत एकच ठेवली आहे: एक बंदूक घ्यायची, तिच्या प्रत्येक भागापाशी थांबायचे, तो भाग कुठल्या प्रकारच्या कारागिराने, कुठल्या अवजाराने, कुठल्या क्रमाने केला असेल ते सांगायचे, आणि मग त्या भागाची पेटंट, लढाया, बाजार यांच्याशी सांगड घालायची. इतिहासाचा अभ्यासक हे वाचेलच. पण मी लिहिताना डोळ्यांपुढे ठेवला तो वाचक म्हणजे ज्याने व्हर्नियर हातात धरले आहे, ज्याला फिट आणि क्लिअरन्स यांतला फरक बोटांनी कळतो, आणि ज्याला कोणी सांगितलेले नाही की त्याची ही विद्या इतिहास वाचायलाही उपयोगी पडते.

आपल्या घरात अशी बंदूक असेल, तर परवान्याची कागदपत्रे आधी पाहा, आणि ती नसतील किंवा मुदत संपलेली असेल तर पोलिस ठाण्यात जाऊन रीतसर नोंद करा. बंदूक स्वतः उघडू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून रिकामी असल्याची खात्री करून घ्या. नळ्या उतरवल्यावर पोटाखालच्या खुणांचे फोटो तिरप्या उजेडात काढा. आणि गंज दिसला म्हणून नळीला एमरी पेपर लावू नका. तेलाचा बोळा पुरेसा आहे. कारागिराची अक्षरे केसभरच खोल असतात आणि दोन-चार हात मारले की ती कायमची जातात.

संत तुकाराम नगर, पिंपरी